खाटीवरची जास्वंद

तवा खोलीत तिघंच होतो, मी, माहे मालक अन् सून. कोळशाच्या खदानीत गाव गेलं, तवा आंगणातल्या जास्वंदीची फांदी डब्यात लावून मी घुग्घुसच्या भाड्याच्या खोलीत आणली. बाहेर ट्रकाच्या धुळीनं पानं काळी पडत, म्हणून घरातच ठेवली. पण खिडकी एकच, अन् तिथी मालकाची खाट, त्याईले दम लागे. अंधारात कळ्या उमलायच्या आधीच गळून राह्यल्या होत्या. मी दिवसभर डबा इकडून तिकडं सरकवत राहो, जिवाले चैन नव्हती. सून म्हणे, "आत्याबाई, बसा ना घडीभर. झाड का पळून जाते?" एक दिवस मालक म्हणाले, "माही खाट सरकव, त्याले ऊन दे." "अन् तुमाले हवा?" "मले आपल्या आंगणातलं फूल पाह्यचं हाय." मी खाट हलवली नाई. डबाच खाटीवर त्याईच्या पायथ्याशी ठेवला, तिथी ऊन येत होतं. ते पाय आखडून झोपू लागले. मग एका सकाळी लाल फूल उमललं. सून देवाले तोडायले गेली तं मालक म्हणाले, "राहू दे. संध्याकाळपर्यंत पाहतो." आता खाट रिकामी हाय, तरी डबा मी पायथ्याशीच ठेवतो. तुमच्या घरात जास्वंद असन, तं तिले उन्हाची जागा द्या, आपण थोडं आखडून बसा.