ज्योत विझली, अभिनंदन!

"अहो साहेब, उघडू नका!" मी ओरडले. तोवर साहेबांनी भट्टीचं दार सताड उघडलं होतं. आत माझी सिरॅमिकची नळी चांगलीच तापलेली, वर पंखा गरगर फिरतोय आणि साहेबांच्या हातात ओवाळायचं तबक.

"मॅडम, नळीच्या उद्घाटनाचा मुहूर्त आहे. पंचवटीच्या गुरुजींनी काढून दिलाय. उद्घाटन म्हणजे उघडणंच ना?"

भट्टीतून 'टिक' असा बारीक आवाज आला. मी धावत जाऊन दार लावलं, पण उशीर झाला होता.

अंबडच्या आमच्या बेअरिंगच्या कारखान्यात मी झिओलाइट मेम्ब्रेन बनवते. झिओलाइट हे सच्छिद्र खनिज आणि मेम्ब्रेन म्हणजे त्याची चाळणी समजा. भोकं इतकी बारीक की कार्बन डायऑक्साइड पलीकडे जातो आणि अंगाने मोठा मिथेन अलीकडे अडकतो. शेणाच्या गॅसमध्ये हे दोघं मिसळलेले असतात. वेगळे केले की मिथेन सीएनजीसारखा गाडीत भरता येतो.

कृती सांगायला सोपी आहे. नळीवर झिओलाइटच्या कणांचं बी पेरायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या कुकरमध्ये, रसायनांच्या घोळात शिजवायचं. थर चढतो, पण त्याच्या भोकांत एक रसायन अडकून बसतं. ते भट्टीत जाळायचं आणि नळी अगदी सावकाश गार होऊ द्यायची. घाई केली की नळी एका वेगाने आकसते, थर दुसऱ्या. संसारात होतं तेच मग इथेही होतं, तडा जातो.

"डेमो पुढे ढकलू या," मी म्हटलं.

"अण्णा दिंडोरीहून निघालेत. आणि ऑर्डर नाही आली ना मॅडम, तर ही भट्टी परत बेअरिंगच्या हीट ट्रीटमेंटला."

म्हणजे मी परत क्वालिटीत, बेअरिंगचे व्यास मोजायला. पीएचडी घेऊन!

निवृत्तीअण्णांचा मोठा गोठा आहे. गोबरगॅसही त्यांचा आणि गिऱ्हाईकही तेच. डेमो साधा होता. आधी त्यांचा कच्चा गॅस बर्नरला सोडून ज्योत पेटवायची. मग व्हॉल्व्ह फिरवून मेम्ब्रेनच्या पलीकडे गेलेला गॅस त्याच बर्नरला द्यायचा. पलीकडे कार्बन डायऑक्साइडच जात असेल तर ज्योत विझायला हवी, कारण तो जळत नाही.

मी व्हॉल्व्ह फिरवला. ज्योत समईसारखी शांतपणे जळत राहिली.

टाळ्यांचा कडकडाट! सेल्सचा माणूस मीटर बघून म्हणाला, "फ्लो बघा फ्लो! असा कधी आलाच नव्हता." तडा गेल्यावर येणारच, मेल्या. साहेबांनी पेढ्यांचा बॉक्स फोडला. माझा संताप संताप झाला.

"साहेब, ज्योत जळतेय म्हणजे आपण फेल आहोत. मिथेन तड्यातून निसटतोय."

"शुभ बोल रे नाऱ्या," साहेब दातओठ खात पुटपुटले. म्हणीतला नाऱ्या तरी मांडवाला आग लागली एवढंच म्हणाला होता. इथे लोक त्या आगीला टाळ्या वाजवत होते.

अण्णांनी पेढा खाली ठेवला. "म्हंजी ताई, माझा गॅस ह्या नळीतून वाया चाललाय?"

"हो."

"मंग टाळ्या कशाच्या वाजवल्या?"

अण्णा उठले. "खरं बोलल्या म्हणून एकदा परत येतो. त्या टायमाला विझवून दाखवा."

दुसऱ्या नळीच्या वेळी भट्टीची किल्ली मी पर्समध्ये ठेवली. साहेबांनी मुहूर्त विचारला. "मुहूर्त भट्टीचा तापमान-कंट्रोलरच काढेल," मी सांगितलं. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बरंच झालं.

डेमोच्या दिवशी मी व्हॉल्व्ह फिरवला. ज्योत फडफडली, बारीक झाली आणि गेली.

"अरे देवा, विझली!" साहेब दचकले. "शुभकार्यात विझली!" ते घाईघाईने काडी ओढून पुन्हा पेटवायला लागले. काडीसुद्धा विझली. मला हसूही येत होतं आणि रडूही.

मी अलीकडे अडकलेला गॅस दुसऱ्या बर्नरला सोडला आणि काडीपेटी अण्णांच्या हातात दिली. निळीशार ज्योत भसकन वर आली.

"लय भारी!" अण्णा म्हणाले. "आता वाजवा की टाळ्या!"

ऑर्डर आली आणि भट्टी माझ्याकडेच राहिली. साहेबांची एकच अट होती. 'विझली' हा शब्द कंपनीत उच्चारायचा नाही. ज्योतीला विझली म्हणत नाहीत, 'शांत झाली' म्हणायचं. आता नळी पास झाली की सगळे एका सुरात ओरडतात, "शांत झाली!" आणि साहेब पेढे वाटतात.

मी एवढंच शिकले की किल्ली आपल्याकडे ठेवावी आणि टाळ्या पडल्या की आधी कारण विचारावं.

परवा गेटवरचा नवा वॉचमन ते ओरडणं ऐकून टोपी काढून धावत आत आला. "कोण गेलं हो मॅडम?"

"कार्बन डायऑक्साइड," मी म्हटलं. "पेढा घ्या."