ढोमणे काकांचं घडीचं टेबल

ढोमणे काका रोज संध्याकाळी साडेसहाला जेवायचे, आणि सगळ्यांकडे पाठ करून जेवायचे. क्लोनडॉकिन या आयरिश उपनगरात, आमच्या शेजारच्या घरात, मोठं जेवणाचं टेबल होतं. तिथे त्यांचा मुलगा निखिल, सून ओर्ला आणि नात मीरा बसायचे. काका मात्र मागच्या काचेच्या दारापाशी कॅम्पिंगचं हिरवं घडीचं टेबल उघडायचे, आपलं स्टीलचं ताट मांडायचे आणि बागेकडे तोंड करून निमूट जेवायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. मी पुण्याची, शिकलेली, स्वतःला फार मोकळ्या मनाची समजणारी.

काका अमरावतीकडचे, कृषी खात्यातून निवृत्त झालेले. घर महानुभाव पंथाचं, त्यांनी स्वतः तरुणपणीच उपदेश, म्हणजे पंथाची दीक्षा, घेतलेला. मांसमच्छी खाणं सोडाच, ती शिजलेल्या भांड्यातलं पाणीही चालत नसे. काकू गेल्या आणि निखिल त्यांना इकडे घेऊन आला. ओर्ला स्लायगोजवळच्या शेतकऱ्याची मुलगी. रविवारचं भाजलेलं मांस तिच्या माहेरची रीत. तरी सासरे येणार म्हणून तिनं नवी भांडी आणली, एक अख्खं कपाट, इथल्या भाषेत प्रेस, त्यांच्यासाठी रिकामं केलं. काका पोस्टमनपासून सगळ्यांना हात जोडून “दंडवत!” म्हणायचे. त्यांना बाबा म्हणणाऱ्या ओर्लालाही म्हणायचे. पण जेवायला बसले की पाठ.

दर शनिवारी मी त्यांना माझ्या गाडीतून वाचनालयात न्यायची. नजर अधू झाल्यामुळे ते मोठ्या टायपातल्या पुस्तकांच्या फळीपाशी उभे राहायचे. त्या फळीवर खून, प्रेम आणि घोडागाड्या याशिवाय फारसं काही नसतं. एकदा त्यांनी मुखपृष्ठावर घोडागाडी आणि मक्याचं शेत पाहून एक जाडजूड पुस्तक उचललं. शेतीचं आहे असं समजूनच. निघाली अमेरिकेतल्या अमिश लोकांवरची कादंबरी.

“ताई, हे तर आपल्यासारखे उपदेशी निघाले बाप्पा!” पुढच्या शनिवारी काका गाडीत बसता बसता म्हणाले. “साधे कपडे, वीज नाई, भांडण नाई. आणि पेरणी पाहा ना, अजून घोड्यावर करून राहिले!”

पावत्यांच्या पाठीवर पेन्सिलीनं अडलेले इंग्रजी शब्द लिहून आणायचे आणि मला अर्थ विचारायचे. आठवड्याला वीसेक पानं होत. मग वाचनालय ते घर एवढ्या रस्त्यात मला गोष्ट सांगायचे. त्या कादंबरीतली धाकटी लेक पंथ सोडून शहरात जाते. मी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण काकांच्या तोंडून ती मुलगी मला आमच्या गल्लीतली वाटायला लागली.

एका शनिवारी मात्र ते तांबडेलाल होऊन गाडीत बसले. “ताई, ती पोरगी घरी आली. आईले भेटाले. आणि बापानं काय केलं, सांगा बरं? तिच्यासाठी बाजूले वेगळं टेबल मांडलं! मोठ्या टेबलापासून चार बोटं दूर. तिले वाळीत टाकलं ना! तिच्या हातचं घेत नाई, तिच्या संगं बसत नाई. माणूस आहे का गोटा आहे तो?”

मी गाडी चालवत राहिले. काय बोलणार? सिग्नलला थांबले तेव्हा काकांनी पुढची गोष्ट सांगितली. त्या आईनं म्हणे दोन्ही टेबलांवर मिळून एकच लांब चादर अंथरली, फट दिसू नये म्हणून. “माय आहे ना,” काका म्हणाले.

खरं तर मी बोलायला हवं होतं. दोनच आठवड्यांपूर्वी ओर्लानं मला फाटकाशी गाठलं होतं. काका मार्चमध्ये कायमचे परत जायचं म्हणत होते. ती म्हणाली, “टेल मी स्ट्रेट. इज इट द मीट, ऑर इज इट मी?” मी घाईघाईनं म्हटलं, मीटच गं, दुसरं काय. ती “ग्रँड” म्हणाली. या देशात त्या शब्दाचे किती अर्थ होतात ते मला तोवर कळलेलं होतं. तिचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता.

पुढच्या शनिवारी काकांनी गोष्ट सांगितली नाही. पुस्तक मांडीवर ठेवून बसले. घराजवळ आल्यावर म्हणाले, “मागच्या शनवारी तुम्ही काऊन बोलल्या नाई?”

“काय बोलणार, काका?”

“माह्या टेबलाचं.”

मी गाडी बंद केली. ते सावकाश बोलत होते. “दीड वर्ष झालं. पोरगी माह्या मागं बसून जेवते आणि मी तिले पाठ दाखवतो. तिच्याच घरात. त्या बापाले मी शिव्या घातल्या, ताई.” मग म्हणाले, “उपदेश ताटाचा होता. पाठीचा कोणी सांगतला नव्हता मले.”

रविवारी दुपारी ते आमच्या दारात उभे. “दंडवत. एखादी लांब चादर आहे का?” मी सोलापुरी चादर दिली आणि त्यांच्या आग्रहाखातर मागोमाग गेले. निखिल आणि काकांनी घडीचं टेबल उचलून मोठ्या टेबलाला भिडवलं. ते दोन बोटं ठेंगणं निघालं. निखिल पायांखाली पुठ्ठे लावायला निघाला, तर काका म्हणाले, “राहू दे. जेवढं आहे तेवढं आहे.” मग दोन्हींवर मिळून चादर पसरली. ओर्ला मांसाचा ट्रे घेऊन ओव्हनपासून वळली आणि थबकली.

काकांनी बहुधा रात्रभर घोकलेलं इंग्रजी म्हटलं. “माय फूड, हिअर. युवर फूड, देअर. बट टेबल, वन.”

ओर्लानं ट्रे अगदी पलीकडच्या टोकाला ठेवला. मग येऊन काकांच्या समोर बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, “यू'ल बी वाँटिंग द सॉल्ट, सो.” काकांनी मीठ घेतलं. तिच्या हातून.

मार्चमधलं जाणं राहिलं. ती कादंबरी मीही मग वाचली, आणि लेकीचं टेबल मांडलं जातं त्या पानावर मला आमच्या पुण्याच्या घरातला खिडकीतला कप आठवला. मंदाबाईंचा, कामाला यायच्या त्यांचा. टवका उडालेला, वेगळा ठेवलेला. वीस वर्षं मी तो पाहिला, त्यात चहाही ओतला. मंदाबाई आता कुठे आहेत, ठाऊक नाही. काकांना निदान समोर जाऊन बसता आलं. मी हसले होते त्यांना, याची मला अजून लाज वाटते.

तीन वर्षांनी काका पेरणी बघायला म्हणून गावी गेले आणि तिथेच झोपेत गेले. परवा ओर्लानं जेवायला बोलावलं. मला वाटलं होतं, हिरवं टेबल आता माळ्यावर गेलं असेल. ते जागेवरच होतं, मोठ्याला चिकटून, वर तीच चादर. मी जोडापाशी, त्या दोन बोटांच्या पायरीवर, पाण्याचा ग्लास ठेवायला गेले, तशी ओर्लानं माझं मनगट धरलं.

“माइंड द स्टेप,” ती म्हणाली. “दॅट्स बाबाज प्लेस.”