डॉक्टरांनी टाकलेला शब्द

चंद्रशेखर खांबेटे कोण, असं आमच्या ओहायोतल्या डब्लिन गावच्या मराठी माणसांना विचारलं असतं, तर ‘ते पत्रिका बघणारे’ असं उत्तर मिळालं असतं. तो इंग्रजीचा प्राध्यापक होता. हे एवढंसं वाक्य लोकांच्या गळी उतरवायला तो इथे आल्यापासून धडपडला आणि ते काही उतरलं नाही. मी त्याच्या बायकोची, मृणालिनीची मैत्रीण. शेजारच्याच अपार्टमेंटमध्ये राहायचे, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं.

मूळचा वर्ध्याचा. काका ज्योतिषी, त्यामुळे बाराखडीबरोबर बारा स्थानंही पाठ झालेली. पण पंधराव्या वर्षीच त्याचा त्या सगळ्यावरचा विश्वास उडाला. पुढे इंग्रजीत एम. ए. झाला, अमेरिकेत डॉक्टरेटला आला आणि विषय घेतला तो असा! चारशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये चांगले शिकलेसवरलेले लोक हरवलेल्या चमच्यापासून समुद्रावर गेलेल्या नवऱ्यापर्यंत सगळं ज्योतिषाला विचारायचे. आरशात आत्मे दाखवणारे होते, शिशाचं सोनं करून देणारे होते. नाटककार त्यांची यथेच्छ टर उडवायचे आणि नाटकं मात्र त्यांच्याच भाषेवर उभी करायचे. ते कसं, हे चंद्रशेखर शोधत होता.

एका जुन्या प्रहसनात घरमालक विचारतो, माझी थैली कोणी चोरली? भोंदू ज्योतिषी कुंडली मांडून म्हणतो, चोर पाचव्या स्थानी दिसतो. इथल्या विद्वानांनी ती ओळ ‘निरर्थक बडबड’ म्हणून सोडून दिली होती. चंद्रशेखर ती वाचून लायब्ररीतच मोठ्यांदा हसला. पाचवं स्थान संततीचं! म्हणजे चोर घरातलाच, मालकाचा दिवटा चिरंजीव. तेव्हाच्या पिटातल्या प्रेक्षकालासुद्धा हे कळत होतं, आणि आता ते वर्ध्याच्या पोराला कळलं. अशा जागा शोधून त्याने पुस्तक लिहिलं. सत्त्याऐंशीच्या वसंतात कॉलेज त्याला कायम करणार की नारळ देणार, ते या पुस्तकावर ठरायचं होतं.

हे ठरवणाऱ्या कमिटीत एकाने त्याला विचारलंच, “यातलं तुम्ही स्वतः किती मानता?” चंद्रशेखर म्हणाला, “काहीच नाही.” शेजारच्या खोलीतला गोरा प्राध्यापक जन्मभर चेटकिणींवर शिकवत आला, त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मला आजही या गोष्टीचा संताप येतो.

पण गोऱ्यांना काय बोल लावायचा? आपल्यांनी काय दिवे लावले ते ऐका. डॉक्टर पुरुषोत्तम राजवाडे हे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, हृदयविकाराचे मोठे तज्ज्ञ. त्यांच्याकडे एकदा जेवायला गेलो असताना लतिकावहिनींची हिऱ्याची कुडी हरवली. सगळे चंद्रशेखरच्या मागे लागले. तो वैतागून म्हणाला, “अहो, मी हे करत नाही! तेव्हाचे इंग्रज कसं करायचे, ते हवं तर दाखवतो.” पेपर नॅपकिनवर चौकोनी कुंडली मांडली, त्यांचे नियम लावले आणि हसत म्हणाला, “त्यांच्या मते पाण्याजवळ बघा.” कुडी निघाली सिंकच्या जाळीत! झालं. तो “योगायोग आहे हो” म्हणून ओरडत राहिला, आणि वहिनी त्याला वाकून नमस्कार करायला निघाल्या.

पुढे मार्चमध्ये डॉक्टर मला दुकानात भेटले. खुशीत होते.

“सुनेत्रा, चंदूचं काम झालं समज. त्याचा डीन माझाच पेशंट. काल चेकअपला आला, तेव्हा मी शब्द टाकला.”

“काय सांगितलंत?”

“म्हटलं, युवर मॅन खांबेटे इज द बेस्ट अ‍ॅस्ट्रॉलॉजर इन ओहायो! वाइफची डायमंडची कुडी बसल्या जागी शोधून दिली. डीन एकदम इम्प्रेस झाला, यार.”

म्हणजे होतं नव्हतं ते घालवलं! डॉक्टर मनाचे वाईट नव्हते, हेच तर दुखणं. आपल्याकडे शाळेच्या प्रवेशापासून बदलीपर्यंत सगळं शब्द टाकूनच होतं, आणि त्यांनी तो अगदी मनापासून टाकला होता.

एप्रिलमध्ये नकार आला. ‘अभ्यासविषयापासून आवश्यक ते अंतर राखलेलं दिसत नाही.’ विभागप्रमुखाने वर तोंडी सांगितलं, “तुम्ही पत्रिका बघता, असं तुमचेच मित्र सांगत होते.” चंद्रशेखरने घरी येऊन टाय न सोडताच मृणालिनीला आणि मला ते सांगितलं. मी दुकानातलं ते बोलणं सांगितलं आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन करते. तो म्हणाला, “नको. त्यांना वाटतंय त्यांनी माझं भलं केलं. तेवढं तरी राहू दे.”

दुसरीकडे कुठे जमलं नाही. शेवटी टेक्ससमध्ये अर्विंगच्या एका कंपनीत नोकरी मिळाली, यंत्रांबरोबर येणारी माहितीपुस्तकं लिहायची. निरोपाचं जेवण डॉक्टरांनीच ठेवलं. सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते हळहळले, “मी एवढा शब्द टाकला रे, पण तुझा शनीच आडवा आला. आपलीच पत्रिका नाही का बघायची आधी?”

माझं डोकं फिरलं. मी उठले, तोंड उघडलं. चंद्रशेखरने माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाला, “हो ना डॉक्टर. शनीच असणार.”

“बघा! मानतो की नाही हा?” डॉक्टर खूश झाले, सगळे हसले. मृणालिनी मान खाली घालून पानातला भात चिवडत होती. ‘मी हे मानत नाही’ एवढंच त्याचं म्हणणं होतं. ते कमिटीने ऐकलं नाही, आपल्या लोकांनी ऐकलं नाही, आणि आता डॉक्टरांचं मन राखायला त्याने स्वतःच ते सोडून दिलं.

तेवढ्यात लतिकावहिनी आतून त्यांच्या मुलीच्या, रुपालीच्या बाळाची पत्रिका घेऊन आल्या, म्हणाल्या, “जाता जाता एवढी बघाच हं.” त्याने खिशातून चष्मा काढला आणि ती बघायला घेतली.