मोडलेल्या हाताची शिक्षा

लॉन्ड्रीतली इस्त्रीवाली म्हणून तिला अख्खी गल्ली ओळखायची. आता ती नुसत्या घड्या घालते. नवऱ्याने गोदामातला माल चोरून पलंगाखाली दडवला, तिने गोदामाच्या मालकाला जाऊन सांगितलं, आणि त्याच दिवशी नवऱ्याने तिचा उजवा हात दाराच्या फटीत धरून मोडला. हाड जुळलं, पण वाकडं. इस्त्री उचलली की कळ थेट मस्तकात जाते.

तरी बाई कोर्टात उभी राहिली. सासू म्हणाली, "नवऱ्याविरुद्ध साक्ष? लाज कशी वाटत नाही!" दिराने बोलणंच टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं, कारण मनात एकच होतं: चोरीची वर्षं आणि हाताची वर्षं मिळून तो आत राहील, तोवर लेक कमावती होईल. मग दोघींनी लांब कुठेतरी जाऊन राहायचं, त्याला पत्ता लागणार नाही अशा जागी.

निकाल लागला. चोरीला पाच वर्षं, हाताला तीन. तिला हायसं वाटलं. पण न्यायाधीश पुढे म्हणाले, "दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या," आणि ते ऐकून सासू रडता रडता हसायला लागली.

बाहेर तिने सरकारी वकीलबाईंना गाठलं. "ताई, दोन्ही शिक्षा एकत्र म्हणजे काय हो?"

"दोन्ही एकाच दिवशी सुरू होतात. ती तीन वर्षं या पाचातच भोगून संपतात."

"म्हणजे माझा हात मोडला नसता, तरी पाचच?"

वकीलबाईंनी नजर चुकवली. "तसंच म्हणा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या केसला गेल्या.

घ्या! दुकानात साबणावर साबण फुकट देतात, तसा हिचा हात चोरीवर फुकट गेला. आणि याला न्याय म्हणायचं.

नवऱ्याला गाडीकडे नेत होते. तो मुद्दाम तिच्यासमोर थांबला. "पाचच गं. मग घरीच आहे मी," म्हणाला आणि हसला मेला. पोलिसाने ढकललं तेव्हा कुठे पुढे सरकला.

सासूने आभाळाकडे बघून हात जोडले. "देवाला काळजी असते. तुझं चुकलं, पण आम्ही पोटात घालू. तो आला की पाया पड, विसरेल सगळं."

आजवर सासूला उलटून बोलली नव्हती ती.

"आई, भेटायला जाल तेव्हा लेकाला निरोप द्या," ती म्हणाली. "डावा हात अजून शाबूत आहे म्हणावं. आधी कुठेतरी चोरी करून ये, म्हणजे तोही फुकटात मोडता येईल."