निळी वायर

सोलापुरात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी मुद्दामच विचारलं नाही. त्यानं चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती कॉम्प्युटरच्या बोर्डाची हुबेहूब नक्कल बनवली होती आणि ती चक्क चालत होती. मी जन्मभर कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, पण मला ते कधी जमलं नाही. जळफळत मी खोट शोधली. बोर्डावर एक निळी वायर आडवी जोडलेली होती.

“आराखडा चुकला, म्हणून हे ठिगळ ना?” मी विचारलं.

त्यानं सोल्डरिंग आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर शांतपणे पुसलं.

“व्हय सर, पन चूक मूळ कंपनीची हाय. त्यांनी ठिगळ लावलं, मीबी लावलं. सुधारलं तर त्यो जुना कुटं ऱ्हातोय?”

माझी चूक कुणी इतक्या मायेनं जपली नव्हती. परतताना मला त्या वायरीचासुद्धा हेवा वाटला.