यंत्रांची चौथी अवस्था

माझी धाकटी जाऊ मैथिली गोरव्यातल्या पंपांच्या कारखान्यात आहे. तिने वर्षभर खपून केलेला प्रोग्रॅम प्रत्येक यंत्राची अवस्था सांगतो: चालू, थांबलेलं, बिघडलेलं. तासभर यंत्राकडून काहीच कळलं नाही, की ते बिघडलं असं तो धरतो.

दसऱ्याला यंत्रं बंद ठेवून पूजा झाली, आणि शेठच्या फोनवर निरोप आला, अकराही यंत्रं बिघडली.

"मैथिलीबेन, सणासुदीला असं अभद्र बोलणारा प्रोग्रॅम मला नको."

"शेठ, त्याला पूजा ठाऊकच नाही. आत्ता शिकवते."

देवाला हात जोडून तिने तिथंच चौथी अवस्था घातली, 'पूजेत'. ती आरतीला सुरू होते आणि पुन्हा काम सुरू झालं की संपते.

शेठनी अकरा वेळा 'पूजेत' वाचलं आणि तिच्या हातावर पेढा ठेवला. "राहू दे. पण दिवाळीची सुट्टीही त्याला सांगून ठेवा."