मागच्या भिंतीचं दार

कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की सेक्टरकाका चहाच्या आधी एकच गोष्ट विचारायचे, "इथून पायी कुठे जाता येतं?" अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँडमध्ये याचं उत्तर कोणाकडेच नसे. आमच्या कम्युनिटीतून, म्हणजे भिंतीआडच्या वसाहतीतून, पायी निघालं की फिरून फिरून आपल्याच दारात येता येतं.

काका मूळचे नागपूरचे, पण सगळी नोकरी सेक्टरांच्या चंदीगडला नगररचनेत झाली, म्हणून सेक्टरकाका. काकू गेल्यावर मुलानं, अमेयनं, तिथलं घर विकून त्यांना इकडे आणलं. चंदीगडबद्दल बोलताना काका "आम्ही" म्हणत. लाहोर तिकडे गेलं, पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून शेतं आणि आमराया होत्या तिथे आम्ही नवी आखली, असं सांगत. ती आखली जात होती तेव्हा काका नागपुरात अर्ध्या चड्डीत गोट्या खेळत असणार, पण तसं म्हणायची आमची बिशाद नव्हती.

पहिला आराखडा एका अमेरिकन माणसाचा, वळणावळणाच्या रस्त्यांचा. मग पॅरिसहून दुसरा माणूस आला आणि त्यानं रस्ते ताणून सरळ केले. प्रत्येक सेक्टरच्या पोटात शाळा, बाजार, बाग, सगळं चालत गाठता येईल असं, आणि भरधाव गाड्या बाहेरच्या बाहेर. एवढं सांगून झालं की काका आमच्या गोल गोल गल्लीकडे बघत म्हणायचे, "त्या अमेरिकनानं सूड उगवला बघ. आम्ही त्याचे वाकडे रस्ते पुसले, त्यानं मला त्यातच आणून टाकलं."

नजर अधू झाल्यामुळे ते गाडी चालवू शकत नव्हते. मी नवऱ्याच्या व्हिसावर, कामाच्या परवान्याची वाट बघत घरी बसलेली, आणि आमची एकुलती गाडी नवऱ्याबरोबर ऑफिसला. अडकलेल्या माणसाला अडकलेलं माणूस बरोबर ओळखतं. दुपारी आम्ही त्यांच्या परसात बसायचो.

परसामागे कम्युनिटीची उंच भिंत होती आणि भिंतीपलीकडेच इंडियन ग्रोसरीचं दुकान. तिथल्या लोकांची बोलणी ऐकू यायची, दुपारी समोसे तळल्याचा वास यायचा. रस्त्यानं जायचं तर सहा लेन, आणि फुटपाथ नाही. काका एकदा निघाले, तर पोलिसांनी अदबीनं गाडीत बसवून घरी आणून सोडलं. त्यानंतर सुनेनं दाराला अलार्म बसवला. मायेपोटीच बसवला, पण काकांना तो फार लागला.

मग त्यांनी भिंतीत एका लहानशा दाराचं ड्रॉइंग केलं, पट्टी लावून, मापं घालून. रहिवाशांच्या असोसिएशनच्या मीटिंगला काका आणि अमेयबरोबर मीही गेले. अध्यक्षबाईंनी ड्रॉइंगचं मनापासून कौतुक केलं आणि सिक्युरिटीचं कारण सांगून नाही म्हटलं.

गाडीतून परतताना अमेय संतापला होता. "बाबा, मी अपील करतो. असं कसं रिजेक्ट करतात?"

काका खिडकीबाहेर बघत होते. चंदीगडला मोठ्या रस्त्यांकडे घरांच्या पाठी असतात, म्हणाले, तिकडे दार काढायला मनाई. एक म्हाताऱ्या सरदारीणबाई गुडघे धरत ऑफिसात येत. बसस्टॉप भिंतीमागेच होता, तेवढं एक दार द्या म्हणत.

"दर वेळी मी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणालो. आराखडा सुंदर होता ना."

त्या दिवसानंतर काकांनी तो प्रश्न विचारणं सोडलं. भिंतीला लावलेल्या खुर्चीत बसून पलीकडचं ऐकत राहायचे. पुढच्या उन्हाळ्याआधीच ते गेले. मला अजून वाईट वाटतं की त्या माणसाला साधी मेथीची जुडी स्वतःच्या पायांनी जाऊन आणता आली नाही.

मला परवाना मिळाला, गाडी आली. भिंतीला वळसा घालून मी भाजी आणते. मागच्या महिन्यात आई पुण्याहून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, इथून पायी कुठे जाता येतं?"

 मी अमेयकडे गेले आणि आईसाठी काकांची ती भिंतीलगतची खुर्ची मागून आणली.